ओट्यावरची भेग

कागदपत्रांच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात ऑडिटच्या फायली मीच लावते, आणि तपासायला आलेला माणूस चहा संपायच्या आत सही करून उठतो. त्यामुळे आम्ही घर सोडल्यावर इंदिरानगरच्या घरमालकाने आमचा अॅडव्हान्स, म्हणजे अनामत रक्कम, अडवून धरला तेव्हा मी घाबरले नाही, चिडले. लघुवाद न्यायालयात दावा लावला. भाडेकरार, बँकेचे उतारे, त्याचे मेसेज, सगळं तारीखवार लावलं, वर रंगीत चिकट्यासुद्धा.

त्याचं म्हणणं एकच होतं: स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा आईने मसाला कुटून कुटून फोडला. नोटिशीच्या उत्तरात त्याने तसं लिहूनच दिलं होतं. आईला पैशापेक्षा ते लागलं. "मी नाही गं फोडला, भेग आधीचीच होती," ती पुन्हा पुन्हा सांगायची. मी कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणून फायलीत डोकं घालायची. खरं सांगायचं तर मला मालकाचंच पटलं होतं. आईचा हात जड आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत.

आमच्या वकीलबाईंनी विचारलं, "घरात शिरलात त्या दिवशीचं काही आहे का? फोटो, व्हिडिओ?"

होता की! नव्या घरात आम्ही पहिल्यांदा दूध उतू जाऊ देतो. मावश्यांना दाखवायला मी ते फोनवर टिपलं होतं. वकीलबाईंच्या टेबलावरच लावून पाहिलं. दूध पातेल्याबाहेर आलं, ओट्यावर पसरलं आणि एका भेगेत शिरून सरळ भिंतीपर्यंत गेलं. मी टाळीच वाजवली. दावा जिंकल्यातच जमा होता.

व्हिडिओतलं बोलणं मराठी, म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर जोडायचं होतं. रविवारी दुपारी हेडफोन लावून बसले. भांड्यांच्या आवाजाखाली आई बोलत होती, "अगं, ओट्याला भेग आहे बघ. मालकाला आत्ताच सांगून ठेव."

आणि लगेच माझा आवाज, "गप्प बस ना आई! आजच्या दिवशी असलं बोलू नये."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. दोनदा ऐकलं, मग दोघींचं बोलणं काहीही न गाळता इंग्रजीत टाइप केलं. व्हिडिओ मीच काढला आणि दुसरा आवाज माझाच, असं खाली लिहून सही केली. फार लाज वाटली.

आई आत लसूण सोलत होती. मी शेजारी बसले. "आई, मला वाटायचं तूच फोडलास."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली.

मी तिच्या कानाला हेडफोन लावले. हातातली पाकळी तशीच धरून तिने स्वतःचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"कोर्टात लावशील तेव्हा आवाज स्वल्प मोठा ठेव," ती म्हणाली.