गंगाफळाच्या बिया

आमच्या सोनाळ्यात कोकिळेसारखी हट्टी पोट्टी झाली नाही अन् होनार बी नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगते, पाठीमागं बोलाची तानुबाईले सवय नाही. तिच्या अन् माझ्या अंगनात एक भिंत. त्या भिंतीवरून मी तिचं सारं आयुष्य पाह्यलं, म्हनून मले हक हाये.

दयाराम माझ्या नंदेचा पोरगा. नंद देवाघरी गेली तवा त्याच्या बापानं त्याले रोहिणखेडहून आनून माझ्या पदरात टाकला. पोरगं आलं अन् कोकिळेले सावली भेटली. चिंचा पाडा, मार खा, सारं दोघायचं सोबत.

मंग आला भुलाबाईचा महिना. पोट्ट्या सांजच्याले घरोघर भुलाबाईचे गाने म्हनतात. गाने झाले का घरची पोरगी झाकलेला डबा आनते, हालवून दाखवते, अन् बाकीच्यायनं आतला खाऊ ओळखाचा. नाही ओळखला तं घरवालीची जीत. कोकिळा असन आठ-नऊ वरसाची. तिनं ठरवलं, असा खाऊ करीन का कोनाच्या बापाले ओळखू येनार नाही. गंगाफळाच्या बियांची चिक्की! आता त्या लाल भोपळ्याच्या बिया सोलाले कोन? दयाराम! पोराच्या नखाचं भुस्कट झालं. "पयला तुकडा तुले," असं तिनं त्याले कबूल केलं होतं.

अन् ऐन वक्ताले, मैत्रिनी जमल्यावर, बाईसाहेब काय म्हनतात? "पोट्ट्यायचं इथं काय काम? जाय बे घरी."

पोरगं गेलं, पन घरी नाही, भिंतीवर. खाली पोट्ट्या शेंगदाने, तीळ, फुटाने करून थकल्या. कोकिळा जितलीच होती. इतल्यात हा वरून बोंबलला, "गंगाफळाच्या बियांची चिक्की!"

तिनं डबाच फेकून मारला. कपाळ फुटलं. मी हळद दाबली अन् दोघायले शिव्या घातल्या, पन अबोला काही सुटला नाही. दिवाळीनंतर दयारामच्या बापानं दुसरं लगन केलं, पोराले परत नेलं. जाताना तो भिंतीपाशी उभा राह्यला. ही घरातून निंगालीच नाही. लय वाईट वाटलं मले त्या दिवशी.

वरसं गेली. महाराष्ट्र झाला, सोनाळ्यात एसटी आली, अन् कोकिळा शाळेत मास्तरीन झाली. सोयरिकी येत, ही नाही म्हने. एकाचं नाक वाकडं, एक खिंकाळल्यावानी हासते. तिचा बाप किसनराव कपाळाले हात लावून बसे.

अशात एक दिवस शाळेत देवी टोचनारा आला. सुई दिसली तसे पोट्टे खिडक्यायतून पसार! कोकिळा म्हने, "भेता काय? पयले मले टोचा हो." बाही सारून बसली, डोळे गच्च मिटले. टोचून झाल्यावर एक डोळा उघडला तं समोर टोचनाऱ्याच्या कपाळावर त्या डब्याच्या जखमेचा वन.

"दुखलं काय?" दयारामनं इचारलं.

"तुमच्यापेक्षा कमी," ती म्हने, अन् उठून फळा पुसाले लागली. फळा आधीच कोरा होता. हे मले खिडकीतून डोकावनाऱ्या पोट्ट्यायनं सांगतलं.

गाव टोचून झालं, पन दर सुट्टीले याची सायकल माझ्याच दारात. "मामी, तुमची आठवन आली." माझी आठवन! अन् नजर सारी भिंतीपल्याड. ही बी काही कमी नाही. त्याच्याशी बोले नाही, पन त्याच्यासमोर मले सांगे, "काकू, तुमच्या पाव्हन्याले सांगा, सायकल वाटेत लावू नोको." सायकल वाटेत नसेच.

मी त्याले म्हनलं, "बयताडा, बोल नं तिच्याशी."

तो म्हने, "मामी, एकडाव तोंड उघडून तिची जीत घालवली. आता ती बोलल्याबिगर मी तोंड उघडनार नाही."

आली का पंचाईत? दोघं बी एका मातीचे.

त्यात चिखलीहून चांगल्या घरचं स्थळ आलं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पाव्हने येनार. किसनराव माझ्या समोर पोरीले म्हने, "आता नाही म्हनू नोको माय. मनात दुसरं कोनी असन तं सांग, मी त्याच्या घरी जातो."

कोकिळा लाल झाली. म्हने, "बाबा, उद्या भुलाबाईचा शेवटचा खाऊ. कोनी ओळखला तं मी मनातलं सांगीन. नाही ओळखला तं पाव्हन्याले हो म्हना." अन् माझा हात धरला, "काकू, तुमाले भुलाबाईची आन. ही शरत कोनाले सांगाची नाही."

मले आन! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या गावाले ठावं. रातभर तळमळली मी.

कोजागिरीच्या सांजी अंगनात शाळेतल्या पोरी. किसनराव ओसरीवर, मी भिंतीपाशी, दयाराम माझ्या बाजूले. आता भिंत त्याच्या छातीलोक येते, चढाची गरज नाही. डबा आला. पोरी हारल्या. मंग कोकिळा डबा घेऊन भिंतीपाशी आली अन् त्याच्या कानाशी हालवला. खुळखुळ.

दयारामचं तोंड उजळलं. ओळखलं पोरानं! अन् त्यानं काय केलं? ओठ मिटले. मान हालवली. "मले नाही येत बा ओळखाले. कोकिळेची जीत."

तिची जीत म्हंजे चिखलीचा नवरा, अन् ह्याले शरतीचा पत्ताच नाही! इतला मोठा त्याग करून हा गधा खुशीत हासून राह्यला! मी त्याले कोपर मारलं. पायावर पाय देला. तो म्हने, "मामी, काऊन ढकलता?"

कोकिळेनं पुन्यांदा डबा हालवला. जोरानं. तिच्या डोळ्यात पानी आलं, अन् मंग तिचा पारा चढला.

"तवा कोनी इचारलं नव्हतं तं गावभर बोंबलला," ती म्हने, "अन् आता मी सोता इचारून राह्यली तं मूग गिळून बसला? बोल नं बे!"

दयारामनं तिच्याकडं पाह्यलं, मंग किसनरावाकडं, मंग माझ्याकडं. मी फक्त 'हो' म्हनून मान डोलवली, ती काही आनेत मोडत नाही. अन् पोरगं असं बोंबललं का झाडावरचे कावळे उडाले.

"गंगाफळाच्या बियांची चिक्की!"

पोरी टाळ्या पिटून नाचाले लागल्या. किसनराव ओसरीवरून उठला, एकदा पोरीकडं पाह्यलं, एकदा त्याच्या कपाळावरच्या वनाकडं. "अन् चिखलीवाल्यायले काय सांगू मी?"

कोकिळेनं डबा उघडला, पयला तुकडा मोडला अन् भिंतीवरून दयारामच्या हातात ठेवला.

"सांगा, पयला तुकडा आधीच कबूल केला होता."