कंडक्टरची मुलाखत

आमच्या फाट्यावर बस थांबायचीच न्हाई. राजेश्वर गावाकडून यायची, आम्ही हात करायचो, आन् ड्रायव्हर सरळ समोर बघत निघून जायचा. बसवकल्याणचं माझं कॉलेज आठवड्यातनं तीन दिवस बुडायचं. एका शनिवारी माझ्या वडलांनी, अप्पांनी सांगून टाकलं, सोमवारी बस थांबली न्हाई तर कॉलेज बंद. माझं डोकंच फिरलं. थांबत न्हाई बस, आन् शिक्षा मला!

थोरला भाऊ तेव्हा मोबाईलवर सिनेमा काढायलता. शेळ्या राखणारा एकजण टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढं चुकून शिंकतो आन् एका दिवसात देशभर गाजतो, अशी गंमत. मी त्यातली टीव्हीवाली. लाटण्याला लाल फडकं गुंडाळून माइक केलता.

त्याच दिवशी दुपारी फाट्यावर शूटिंग चाललं होतं, तेवढ्यात बस आली. आन् थांबली की हो! कुणी हातसुद्धा केला नव्हता. कंडक्टर केस सारखे करत उतरला आन् कुठला चॅनल म्हणून कन्नडमधून विचारायला लागला. भाऊ मोबाईलमागं हसू दाबायलता. मला मात्र हसू येईना, नुसता राग आलता. मी लाटणं त्याच्या तोंडापुढं धरलं.

"अण्णा, तुमची बस हितं थांबत न्हाई म्हणतेत लोक. कामून?"

तोबी मराठीवर आला. "कोण म्हणतंय, म्याडम? रोज थांबतो. कालबी थांबलतो."

भावानं तेवढाच तुकडा मोबाईलवरून सगळीकडं पाठवला. शिंकणारा राहिला बाजूला, कंडक्टरच गाजला! रविवारी चिटगुप्प्याहून मावशीचा फोन, असा देवमाणूस तुमच्याकडं हाय व्हय म्हणून. धडधडीत खोटं बोलून देवमाणूस! मी चिडले बी, आन् त्यानं सगळ्यांपुढं कबूल केलंय म्हणून आनंदानं उड्या बी मारल्या.

सोमवारी सकाळी निम्मं गाव फाट्यावर. अप्पा मागं हात बांधून उभे. बस दिसली. वेग कमी झाला. थांबली! दारातल्या कंडक्टरनं आधी कॅमेरा शोधला. कॅमेरा नव्हताच. एवढी माणसं बघून तो गुमान बाजूला सरला.

आत पाय ठेवायला जागा न्हाई, तरी मी लै खुश. दप्तर चाचपलं तर डबाच न्हाई. बस थांबंल असं मला मनातनं वाटलंच नव्हतं. खिडकीतनं ओरडून अप्पांना सांगितलं.

अप्पा बसच्या कडेनं दोन पावलं चालत आले आन् म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. उद्या डबा घिऊन जा."