स्टाफरूममधला चार्जर

परतूरच्या एका खासगी शाळेत मी अकरा वर्षं गणित शिकवलं. स्टाफरूममध्ये कपाटाच्या आडोशाला एक पांढरा चार्जर कायम लावलेला असायचा. कोणाचा, ते कधी कोणी विचारलं नाही. मागच्या मार्चमध्ये मोबाइल बंद पडत आला म्हणून मी त्याला वायर जोडली. चार्जिंग होईना. काढून बघितला तर बुडाशी खाच, आणि खाचेत सिमकार्ड.

विज्ञानाचे सर म्हणाले, "मॅडम, हे ऐकायचं यंत्र आहे. ह्या नंबरला फोन लावला की खोलीतलं सगळं ऐकू जातं."

इथंच आम्ही सातही जण डबे खायचो, घरची दुखणी सांगायचो, संस्थेच्या अध्यक्षांना शिव्याही द्यायचो. दोन वर्षांपूर्वी जालन्याला दुसऱ्या शाळेत मुलाखत देऊन आले, तेही मी इथंच सांगितलं होतं. त्यानंतर आठवड्यात अध्यक्षांनी माझा दहावीचा वर्ग काढून घेतला. चुगली हिंदीच्या बाईंनीच केली, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. त्या टेंभुर्णीच्या, अध्यक्षांचं गावही तिकडंच. एवढाच पुरावा. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं, मग बाकीच्यांनीही. त्या व्हरांड्यात एकट्याच डबा खायच्या. वर्षभराने राजीनामा देऊन गेल्या.

चार्जर घेऊन आम्ही अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी तो खणात टाकला आणि कुलूप लावलं.

"तुमच्याच सुरक्षेसाठी बसवला. बराबर वागणाऱ्याला भ्यायचं काय कारण?"

पोलिसांत अर्ज द्यायचा ठरला तेव्हा सही आम्ही दोघांनीच केली, मी आणि विज्ञानाच्या सरांनी.

रविवारी बस बदलत मी टेंभुर्णीला गेले. बाई ओसरीवर तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, माफी मागितली.

"म्हंजे यंत्र सापडलं म्हणून आल्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "सापडलं नस्तं तर?"

त्यांनी तूर बाजूला सारली.

"वर्षभर वाट पाह्यली मॅडम, कोणी तरी तोंडावर इचारल म्हणून. तुम्ही तर शेजारी बसायच्या. तुम्हीबी इचारलं न्हाई."

चहा त्यांनी दिला, पण स्वतः घेतला नाही.

अर्जाचं पुढे काही झालं नाही. जूनमध्ये मी शाळा सोडली. बाईंना नंतर दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही, आणि उचलावा असं मी त्यांच्यासाठी काही केलेलंही नव्हतं.