वरचा, बाहेरचा चतकोर

केळशीच्या दवाखान्यातल्या सावंत सिस्टरांचं ऋण माझ्यावर सर्वांत मोठं आहे. स्पिरिटचा वास आला की त्यांचा हात अजून मनगटावर जाणवतो.

घरातला पहिला पदवीधर, नवा डॉक्टर. कुल्ल्याचे स्नायू, नसा, सगळी नावं पाठ. तरी हर्णेच्या एका खलाशाला मी भलतीकडेच, खाली मधोमध सुई टोचायला निघालो. सिस्टरांनी मनगट धरलं.

"थांबा डॉक्टर. तिथं पायाची मोठी नस. ती दुखावली तर हा होडीत चढेल कसा? कुल्ला म्हणजे भाकरी समजा. वरचा, बाहेरचा चतकोर आपला."

"भाकरीचं नाव नको, उपाशी आहे," पालथा खलाशी म्हणाला.

तेव्हा लाज वाटली. आता वाटतं, त्या दिवशी खलाशी आणि मी, दोघे वाचलो.

काल रत्नागिरीहून त्यांना लिहिलं: 'सिस्टर, आता मी शिकवतो. मुलांना म्हटलं, नावं विसरलात तरी चालेल, चतकोर विसरू नका.'