लंडन ते रॉटरडॅम, अडीच तास

हर्णेच्या बंदरात आगबोट किनाऱ्याला लागत नाही, हे तुम्हां गाववाल्यांना काय सांगायचं! पडावातून जायचं नि बाहेर उभ्या असलेल्या बोटीवर शिडीने चढायचं. मी निघालो तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी होती. बाबा त्या वेळी खलाशी म्हणून मालबोटीवर, कुठल्याशा दर्यात. "बापसाच्या पाया न पडताच चाललास," एवढंच आई म्हणाली.

रत्नागिरीच्या हायस्कुलातून मुंबई, मुंबईहून लंडन. एंजिनाच्या कारखान्यात शिकायला आलो, तिथेच नोकरी लागली, जीव रमला आणि चार वर्षांनी कायमचं राहायचं मनाने घेतलं. घरी मात्र प्रत्येक पत्रात "फार लांब आहे, कसा येऊ?" एवढंच लिहीत गेलो. खरं लिहायची छाती नव्हती. सांगायचं तर बाबांना, समोरासमोर, असं ठरवलं होतं.

एका मंगळवारी संध्याकाळी बाबांचं कार्ड आलं. त्यांची बोट हॉलंडात, रॉटरडॅमला लागलीय, बुधवारी दुपारच्या भरतीला सुटणार! तिकडे जाणारी रात्रीची बोट गाठायची वेळ टळून गेली होती. झालं, आता कुठली भेट! आणि एकदम सुचलं, विमान! मी इतक्या मोठ्याने ओरडलो की घरमालकीण दचकली.

सकाळी विमानतळावर आधी मलाच बॅगेसकट वजनाच्या काट्यावर उभं केलं. हसावं की रडावं कळेना. मग एंजिनाच्या आवाजासाठी कानात घालायला कापूस दिला. विमान उठलं नि मी खुर्ची अशी गच्च धरली म्हणता! पण खाली समुद्र दिसला आणि भीती कुठल्या कुठे पळाली. दोनशे मैल, अडीच तास! आपली आगबोट हर्णे ते मुंबई ऐंशी मैलांना अख्खा दिवस खाते, वर उलट्या वेगळ्या. मी एकटाच खुदुखुदु हसत होतो. शेजारचा साहेब अंग चोरून बसला.

धक्क्यावर धावत पोचलो तर बोट सुटायच्या तयारीत. बाबा दोरापाशीच होते, केस पार पिकलेले. मी आधी पाय धरले.

"कवा निघालास लंडनातनं?"

"आज सकाळी."

"चल, थापा मारू नको!"

तिकीट दाखवलं तेव्हा त्यांनी सगळ्या खलाशांना हाका मारल्या. "बगा रे, माजा पोरगा! सकाळी लंडनात चा प्याला नि आता हितं!"

त्याच उत्साहात मी बोलून गेलो, "बाबा, मी आता तिकडेच राहणार. परत येणार नाही."

बाबांनी तिकीट माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "हितनं लंडन अडीच तास. आन हर्णे?"

"कराचीपर्यंत विमान जातं आता! आठवडाभरात पोचतं. तिथून पुढे काय, मुंबई." मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"मग ऱ्हा खुशाल तिकडं. पन आयशीला लांब हाय म्हनून लिवू नको. यायचं नाय, असं लिव."

बोट सुटली. मी लंडनला परतलो आणि आईला पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. घर कशाला म्हणायचं ते मला त्या दिवशी समजलं, मंडळी. "यायचं नाही" असं आईला लिहायला हात धजेना.

गणपतीला येतोय.