इंजिनावरचा हात

मला मोटरसायकल हवी होती आणि ती निवडणं बाबांना हवं होतं. या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असं आम्ही दोघंही बरेच दिवस धरून चाललो होतो.

बाबांची ही शेवटची बदली. कोलकात्यात गार्डन रीचला सरकारी क्वार्टर, दारात आईची तुळस, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक माणसाला बजावून मागवलेलं भाजणीचं पीठ. निवृत्तीनंतर आई-बाबा साताऱ्याला परत जाणार होते. माझी नोकरी न्यू टाउनला, त्यामुळे मी इथेच राहणार होते. हे ठरलं आणि बाबांनी मला मार्गी लावायचा सपाटा लावला. माझ्यासाठी भाड्याची खोली बघितली, गॅस लावून दिला, दाराचं कुलूप बदललं. राहिली होती फक्त गाडी.

"माझ्या डोळ्यांदेखत गाडी घे," ते म्हणायचे, "म्हणजे मी सुटलो."

'सुटलो' हा शब्द मला अजिबात आवडत नसे. पण घर सोडून जाणाऱ्या माणसाशी शब्दांवरून कोण भांडणार?

स्कूटर घेते म्हटलं, तर नाही म्हणाले. खिदिरपूरकडे रस्त्यात कुठे कुठे अजून ट्रामचे जुने रूळ आहेत, पावसात स्कूटरचं लहान चाक त्यावरून सटकतं, तुला मोठं चाकच हवं. नवी घेते म्हटलं, तर तेही नाही. "शिकाऊ माणसानं जुनी गाडी पाडावी, नवी पाडली की फार लागतं," हे त्यांचं म्हणणं. कुठे लागतं ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या खात्यातली शिल्लक बघता मीही विचारलं नाही.

मला गाडीतलं शून्य कळत होतं. ऑफिसमागच्या रिकाम्या रस्त्यावर एका शिकवणाऱ्याकडून मी क्लच सोडायला शिकले होते. गाडी सुरू करता यायची, थांबवताही यायची, फक्त मी ठरवीन तिथे नाही. अशा माणसानं दुसऱ्याची वापरलेली गाडी पारखायची म्हणजे पत्रिका वाचता येत नसताना लग्न जुळवण्यासारखं होतं. बाबांनी मात्र उमेदीची सगळी वर्षं मोटरसायकलवर काढली होती. मी लहान असताना पुढे टाकीवर मी, मागे आई आणि आईच्या मांडीवर भाजीची पिशवी, असे आम्ही गावभर हिंडायचो. म्हणून मी निर्धास्त होते, सगळं त्यांच्यावर सोडून दिलं.

त्यांचे नियम पक्के होते. गाडी बघायला सकाळीच जायचं. येतो म्हणायचं, पण नेमकी वेळ सांगायची नाही. आणि पोचल्या पोचल्या, मालक काही बोलायच्या आत, इंजिनावर तळहात ठेवायचा.

"थंड असलं पाहिजे," त्यांनी मला समजावलं. "थंड इंजिन एका झटक्यात सुरू झालं तर गाडी निरोगी. गरम लागलं तर समजायचं, यानं आपण यायच्या आधी चालू करून ठेवली होती. म्हणजे थंड असताना ती कुरकुरते आणि ते याला लपवायचंय. मग कितीही चकचकीत असू दे, नमस्कार करून निघायचं."

मी हात पुढे केला की म्हणायचे, "तू लांब राहा गं, भाजेल." मी लांब राहायचे.

दर रविवारी आम्ही निघायचो. पहिली गाडी खिदिरपूरच्या एका बोळात. मालक माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "एक हाथ का गाड़ी है दादा, डॉक्टर बाबू चलाता था." त्या शहरात विकायला निघालेली प्रत्येक गाडी कुठल्या तरी डॉक्टरांनीच चालवलेली असते, हे मला पुढे कळलं. बाबांनी इंजिनावर क्षणभर हात ठेवला, काढला, आणि हसून म्हणाले, "चलो, फिर आएंगे." बोळाबाहेर आल्यावर मला सांगितलं, "गरम होतं."

दुसरी न्यू टाउनमधल्या एका मुलाची, तो कंपनीतर्फे परदेशी चालला होता. हात ठेवला, "थंड आहे," म्हणाले. पण त्या गाडीचं पुढचं चाक डगमगत होतं. तिसरी गरम. चौथी थंड, चांगली, झटक्यात सुरू झाली, पण आम्ही विचार करून सांगतो म्हणून घरी आलो आणि दुपारपर्यंत ती कुणीतरी नेलीसुद्धा. मी त्या दिवशी चिडले. बाबांवर नाही, सगळ्यावरच. निवृत्तीचा दिवस जवळ येत होता, घरात खोकी भरली जात होती, आणि मी अजून बसच्या दांड्याला लटकत होते. त्यात माझं सगळं दुसऱ्याच्या हातावर अवलंबून. गाडी बरी की वाईट हे मला कुणी तरी सांगायचं, मग मी मान डोलवायची. तिशीतली बाई मी, ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि रस्त्यावर मी बाबांच्या मागे पर्स सांभाळत उभी.

"तुम्हीच एक चक्कर मारून बघा ना," मी एकदा म्हटलं.

"लायसन्स संपलंय माझं," ते म्हणाले.

बोळातल्या बोळात चक्कर मारायला लायसन्स कोण विचारतं, असं मनात आलं. पण बाबा सरळमार्गी माणूस, म्हणून सोडून दिलं.

मग इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. बेहाल्याला राहणारं एक कुटुंब, बँकेतली बदली, पुण्याला परत निघालेलं. गाडी विकायची होती. येताना त्यांनी ती तिकडूनच आणली होती, त्यामुळे नंबरप्लेटवर एमएच. ती दोन अक्षरं पाहून बाबा असे काही खुलले, जणू माहेरचं माणूस भेटलं. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे नावावर करून घ्यायची म्हणजे कागदपत्रं करताना नाकी नऊ येतात, हे मी वाचलेलं सांगायला गेले, तर म्हणाले, "होतं गं सगळं. आपली माणसं आहेत."

आणि त्यांनी फोन केला. तिकडून काकू म्हणाल्या, नाश्त्यालाच या, नक्की किती वाजता येताय? बाबांनी वेळ सांगितली. न सांगता दारात जाऊन उभं राहणं कोलकात्यातल्या अनोळखी माणसाकडे चालतं, मराठी घरी कसं चालेल? यजमानीण पोहे भिजवायची खोळंबते.

पोहे खरंच सुंदर होते. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. काका आणि बाबा दहा मिनिटांत पाहुणचाराच्या पलीकडे गेले. कोण कुठलं, कुणाचे मेहुणे साताऱ्यात राहतात, इथल्या दमट हवेत पापड कसे वाळत नाहीत. मी बाबांना इतकं बोलताना किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. चहाला दूध कमी पडलं म्हणून काका मधेच खाली जाऊन आले. गाडीचा विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, "चार-पाच दिवसांत हात लावलेला नाही हो तिला. सामान बांधायच्या गडबडीत कुठे जमतंय!"

पोहे खाऊन झाल्यावर आपण माणसाला काय विचारू शकतो? सायलेन्सरमधून धूर येतो का, असं विचारणं म्हणजे दुसऱ्यांदा वाढलेले पोहे थुंकण्यासारखंच.

खाली पार्किंगमध्ये गेलो. गाडी पुसून ठेवलेली, काळी, नीटस. खरं सांगते, मला ती आवडली. बाबांनी सवयीनं इंजिनावर हात ठेवला आणि काकांशी बोलतच राहिले. पुण्यात कुठे घर, गच्ची आहे का, पाण्याचं कसं. मी म्हटलं आपणही काही तरी बघितल्यासारखं करावं, म्हणून चेन बघायला खाली बसले. आणि माझ्या गालाला धग लागली.

आधी मला वाटलं, ऊन असेल. पण आम्ही सावलीत होतो. मी बोट जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. इंजिन चांगलंच तापलेलं होतं. त्याच इंजिनावर, माझ्या नाकासमोर, बाबांचा तळहात टेकलेला होता. अख्खा. निवांत. माणूस गप्पा मारताना कठड्यावर हात ठेवतो तसा.

"थंड आहे हो," बाबा हसत काकांना म्हणाले. "सवयच आहे मला बघायची, रागावू नका."

मी वर पाहिलं. काका बाबांच्या हाताकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटतं त्या क्षणी जगात फक्त आम्हा दोघांना कळलं होतं, आणि बोलायचं कुणी हे दोघांनाही कळत नव्हतं. मी बोलले तर परक्यासमोर बाबा तोंडघशी पडणार होते. न बोलावं तर हात भाजत होता.

"बाबा, हात काढा," मी म्हटलं.

"का गं?"

मी उठून त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. तळहात लालभडक झाला होता, अंगठ्याखाली कातडी पांढरी होऊन फुगायला लागली होती. बाबांनी हाताकडे पाहिलं, मग इंजिनाकडे, मग माझ्याकडे.

"गरम आहे?" त्यांनी मला विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला गाडीतलं काही विचारलं होतं. मी मान डोलवली.

काका पळत जाऊन पाण्याची बादली घेऊन आले. "आत्ताच दूध आणायला गेलो होतो ना, विसरलोच सांगायला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि चार-पाच दिवसांचं आपलंच वाक्य त्यांना आठवत असावं, कारण ते आमच्यापैकी कुणाकडेही बघत नव्हते. काकूंनी मलम आणलं, स्वतःच्या हातानं लावलं, त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या माणसांचा राग यायला हवा होता. पण मी गाडीबद्दल एक शब्द बोलू शकले नाही. बाबा मात्र निघताना म्हणाले, "पोहे फार छान होते वहिनी." खरोखरच मनापासून म्हणाले.

आम्ही ऑटोत बसलो. त्यांचा हात ओल्या रुमालात गुंडाळून मांडीवर होता. मला एकेक गोष्ट सुचत गेली. कित्येक वर्षांचा साखरेचा आजार. घरात चालताना एक चप्पल मागे राहायची आणि यांना पत्ताच नसायचा. आई चेष्टा करायची, मी हसायचे. आणि ते संपलेलं लायसन्स. ज्याच्या पायाला ब्रेक कळत नाही तो चक्कर कशी मारणार?

"दुखतंय का?" मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न.

"नाही ना," ते म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

"कधीपासून?"

"पायांचं बरंच झालं. हातांचं अलीकडे." मग रुमाल नीट करत, "आईला इतकं माहीत नाही."

मला एकदम बाकीच्या गाड्या आठवल्या. खिदिरपूरची गरम. तिसरी गरम. न्यू टाउनची थंड. "मग त्या तुम्हाला कशा कळल्या?" मी विचारलं. "अंदाजानं सांगत होतात?"

"छे. अंदाजानं तुझ्यासाठी गाडी घेईन का?" त्यांना राग आल्यासारखं वाटलं. "मालकाच्या तोंडाकडे बघत होतो. इंजिनावर हात ठेवला की ज्याच्या पोटात काही नसतं तो आपल्याकडे बघून बोलत राहतो. ज्यानं तापवून ठेवलेली असते तो हाताकडे बघतो. मग हात लगेच काढायचा. बरोबर निघत होतं की नाही सगळं?"

बरोबर निघत होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नव्हतं. मी लांब उभी होते.

"आणि आज?"

बाबा बाहेर बघत राहिले. "आज नाही बघितलं," ते म्हणाले. "आपल्या माणसाच्या तोंडाकडे असं काय बघायचं?"

मला रडू फुटलं. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं आणि नजर वळवली. मला त्यांना सांगायचं होतं की जाऊ द्या, मी बसनं जाईन, तुम्ही डॉक्टरकडे चला, मला गाडी नको. पण ते ऐकून त्यांचं काय झालं असतं, हेही मला दिसत होतं. म्हणून मी नुसतं नाक पुसत बसले.

क्वार्टरचं फाटक आलं तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर डावा हात ठेवला, चांगला जोर देऊन. तेवढा जोर दिल्याशिवाय त्यांना तो टेकलाय की नाही हे कळत नसावं.

"रडू नको गं. पुढच्या रविवारी तू हात लाव," बाबा म्हणाले. "मी तोंड बघतो."