सुहास मुळ्यांचं दीपावर्त

सुहास मुळे यांनी बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. नगर जिल्ह्यातल्या निम्म्या तालुक्यांतले बांध त्यांच्या पायाखालून गेले होते. मोजणीला गेलं की दोन्हीकडचे भाऊबंद बांधावर उभे असायचे. कुणाच्या हातात काठी आहे का, हे सुहासराव आधी बघायचे आणि मग मोजणीचं टेबल मांडायचे. स्वभाव मुळातच घाबरट. साहेबांनी जरा आवाज चढवला तरी दोन दिवस घास उतरायचा नाही. असा माणूस या नोकरीत टिकला कसा, याचं त्यांच्या पत्नीला, सुमेधाताईंना, नेहमी नवल वाटायचं.

ते टिकले एका उद्योगामुळे. संध्याकाळी सावेडीतल्या घरी आले, चहा झाला, की खिडकीशी बसून ते एका तीर्थनगरीचे नकाशे काढायचे. ही नगरी कुठेच नव्हती. तिचं नाव त्यांनी दीपावर्त ठेवलं होतं. ज्या जगात ती होती तिथे दोन चंद्र उगवायचे आणि तिच्या पायथ्याची नदी दिवसभर समुद्राकडे वाहून, सूर्य कलला की डोंगराकडे मागे फिरायची. यात्रेकरूंनी सकाळी सोडलेले दिवे संध्याकाळी तेवतच घाटाला लागायचे, ज्याचा त्याच्यापाशी. नगरी इतकी जुनी, की घाटाच्या पायऱ्या माणसांनी बांधल्या की माणसांच्याही आधी कुणी, ते तिथल्या पुजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. तिला सात वेशी होत्या. एका वेशीतून आत जायचं तर खांद्यावर दुसऱ्या कुणाचं तरी ओझं असावं लागे. दुसऱ्या वेशीत आपलं नाव ठेवून जावं लागे, ते परतताना मिळे. आणि आत कुठेही हद्दीचा दगड नव्हता.

रद्दीच्या दुकानातून आणलेल्या जुन्या वह्यांचे कोरे, पिवळट, जाड कागद ते वापरायचे. त्यांवर टाकाची शाई छान बसते. ठिकाणांची नावं मोडीत लिहायचे, कारण जुनं दप्तर वाचून वाचून मोडी हाताला बसली होती. असे चाळीसेक नकाशे झाले. ते फक्त सुमेधाताईंनी पाहिले होते.

एक गोष्ट मात्र सुहासरावांना जमत नसे. नगरी मनाने रचता यायची, पण जमीन मनाने काढता येत नव्हती. ओढ्याचं वळण, टेकाडाचा उतार हे हाताला मोजलेलंच लागायचं. म्हणून प्रत्येक नकाशाखाली कुठलं तरी खरं शिवार असे. दीपावर्तचं मूळ कुंड असलेला मुख्य नकाशा त्यांनी घोडेगावच्या पलीकडच्या पिंपरखडी गावावर बेतला. तिथला ओढा घोड्याच्या नालासारखा टेकाडाभोवती वळतो. वळणाच्या पोटात एक विहीर होती. त्यांनी त्या जागी कुंड काढलं.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या वाढदिवसासाठी सुमेधाताईंनी गुपचूप तो नकाशा फ्रेम करायला टाकला. फ्रेमवाल्याने कौतुकाने फोटो काढून कुणाला तरी पाठवला. आठ-दहा दिवसांत तो फिरत फिरत सुहासरावांच्याच मोबाइलवर आला. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या जिल्ह्यातील लुप्त तीर्थनगरीचा प्राचीन मोडी नकाशा सापडला. पुढे पाठवा.’

त्यांना आधी हसू आलं. संध्याकाळी दुसरा मेसेज आला. त्यात पिंपरखडीचं नाव होतं. ओढ्याचं वळण गावातल्या कुणीतरी ओळखलं होतं.

“सांगून टाका, की तुम्ही काढलाय,” सुमेधाताई म्हणाल्या.

“कुणाला सांगू? कुणी पसरवलंय तेच माहीत नाही. विसरतील लोक.”

फ्रेम त्यांनी कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवली. पण मोबाइल हातातून सुटेना. आधी विहिरीच्या कडेला शेंदूर लावलेल्या दगडाचा फोटो आला, मग झेंड्याचा, मग बायकांच्या रांगेचा. प्रत्येक फोटो ते मोठा करून बघायचे आणि कुणी पाहत नाही ना, अशा बेताने पुसून टाकायचे.

एका शुक्रवारी दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. पत्ता शोधत ती एसटीने आली होती.

“साहेब, वळखलं का? पिंपरखडीची साळूबाई. चुलत्याच्या वादात तुमी आमची मोजनी केल्ती.”

त्यांनी ओळखलं. मोजणीच्या दिवशी तिने त्यांना ताक आणून दिलं होतं, आणि समोरच्या पार्टीलाही दिलं होतं. त्यानंतर तिचा नवरा सूर्यभान वारला. आता ती एकटी होती. पाऊण एकर रान, एक म्हैस आणि ती विहीर.

“लोक दिवं सोडत्यात पान्यात,” ती सांगू लागली. “तेलाचा तवंग आलाय. म्हस तोंड लावंना. मी दुसऱ्याच्या बोअरवरनं घागरी आनते. आन आता म्हनत्यात, विहिरीचं कडं फोडायचं, खाली जुन्या पायऱ्या हायेत. सोमवारी जेसीबी येनार हाय.” तिने कनवटीची घडी उलगडून झेरॉक्स पुढे केली. “तुमाला मोडी येती. ह्यात माजी विहीर हाय का, एवढं वाचून सांगा. कागदातच आसंल तर मी काय बोलू?”

सुहासरावांच्या हातात त्यांचंच अक्षर होतं. कुंडाच्या बाजूला ‘मूळ’ लिहिताना शाई जरा सांडली होती, तो डागसुद्धा झेरॉक्समध्ये आला होता.

“बघतो,” ते म्हणाले. “अक्षर पुसट आहे. वेळ लागेल.”

सुमेधाताईंनी साळूबाईला जेवू घातलं, फोन नंबर लिहून दिला आणि स्टँडच्या रिक्षात बसवून दिलं. परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “पुसट आहे होय?”

शनिवारी सुहासराव दोनदा माळीवाडा स्टँडपर्यंत गेले आणि दोनदा परत आले. तिथे उभं राहिलं की डोळ्यांपुढे यायचं ते एकच. आपण बोलतोय, समोर शंभर माणसं आहेत आणि कुणीतरी मागून विचारतंय, म्हणजे तुम्ही देवाची थट्टा केली? घरावर दगड आले तर? केस झाली तर, पेन्शन थांबवली तर? सुमेधाचं काय? न बोलता सोमवार उलटला तर काय होईल, याचाही त्यांनी विचार केला. विहीर फुटेल. त्यानंतर बोललं काय, न बोललं काय.

रविवारी सकाळी फोन आला. साळूबाई शेजारच्या मोबाइलवरून बोलत होती. “साहेब, वाचलं का?”

“उद्या मी येतो,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

सोमवारी फ्रेममधला नकाशा काढून तो आणि बाकीचे सगळे त्यांनी बाजाराच्या पिशवीत घातले. सुमेधाताई न विचारता चपला घालून तयार होत्या. घोडेगावपर्यंत एसटी आणि पुढे रिक्षा. खडबडीत पाणंदीवरून रिक्षा हेलकावे खात होती आणि सुहासरावांनी पिशवी पोटाशी धरली होती.

विहिरीजवळ मांडव होता. शे-दीडशे माणसं होती. जेसीबी ओढ्यापलीकडे उभा होता. तीर्थासाठी गावाने केलेल्या समितीचा अध्यक्ष रविराज पुढे आला. तिशीतला पोरगा, गावात दूध संकलन केंद्र चालवणारा. साळूबाईने साहेबांचं नाव आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्याने वाकून नमस्कारच केला.

“मोडीचे जाणकार आलेत,” त्याने माइकवर सांगितलं. “आता साहेबच नकाशा वाचून दाखवतील.” आणि माइक त्यांच्या हातात दिला.

सुहासरावांनी माइक दोन्ही हातांनी धरला. माइकमधून खरखर येत होती.

“हा नकाशा मी काढला आहे,” ते म्हणाले.

त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

“म्हंजी नक्कल केली का?” पुढच्या एकाने विचारलं.

“नक्कल नाही. मनाने काढलाय. असं तीर्थ कुठेच नाही. हे बाकीचे बघा.” त्यांनी नकाशे सतरंजीवर मांडले. एका तरुणाने दोन उचलले आणि सगळ्यांदेखत फाडले. कुणाचा तरी धक्का लागून सुहासरावांचा चष्मा पडला. सुमेधाताई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा उचलला, पदराने पुसून नवऱ्याच्या हातात दिला.

तेवढ्यात सहादेव नावाचा म्हातारा शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमाला वाटतंय तुमी काढला. देवानं काढून घेतला आसंल.”

बऱ्याच माना हलल्या. सुहासरावांनी तीन दिवसांत शिव्यांची, दगडांची, पोलिसांची तयारी केली होती. याची केली नव्हती. जेसीबीवाला खाली उतरून बघत होता.

मग त्यांना सतरंजीवरच्या कुंडाच्या नकाशातली एक रेघ दिसली. ते गुडघ्यांवर बसले आणि सहादेवला जवळ बोलावलं. “आजोबा, ही रेघ बघा. ओढ्यावर आडवी. हे काय आहे?”

सहादेवने डोळे बारीक केले. “ह्यो तर बंधारा. आपलाच.”

“कधी झाला?”

“बहात्तरच्या दुष्काळात. मी खडी फोडलीय त्याच्यावर.”

“मी मोजणीच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवला. तो पुसायचा राहिला, माझी चूक. नकाशा प्राचीन असता तर तुमचा बंधारा त्यात कसा आला असता?”

सहादेव कागदाकडे बघत राहिला. त्याच्या मागून साळूबाई पुढे आली. तिने माइक घेतला नाही.

“ही विहीर बी त्याच दुष्काळात झाली,” ती म्हणाली. “आमी दोघांनी खांदली. हे कडं मी रचलंय, सातव्या महिन्यात हुते तवा. खाली पायऱ्या हायेत का न्हाई, ते मला ईच्यारायचं हुतं. कुनी ईच्यारलंच न्हाई.”

सहादेव उठला आणि घराकडे चालू लागला. त्याच्या वयाचे आणखी चार-पाच जण त्याच्यामागे गेले. मांडव हळूहळू रिकामा झाला.

रविराजचा चेहरा उतरला होता. “आठ दिवस आधी बोलला आसता तर बरं झालं आसतं, साहेब,” तो म्हणाला. “मला वाटलं, तीर्थ झालं तर गावाला रस्ता मिळंल. पावसाळ्यात दूध डोक्यावर न्यावं लागतं आमाला. आता मी लोकांना काय तोंड दाखवू?”

“चुकलं माझं,” सुहासराव म्हणाले. त्याने मागितलं तसं त्यांनी सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली.

पुढचे दोन महिने वाईट गेले. अनोळखी नंबरांवरून शिव्या यायच्या. सुहासराव प्रत्येक फोन उचलायचे आणि “हो, मीच काढला” एवढं सांगून ठेवायचे. एकदा दारावर काळं फासलेलं सापडलं. सुमेधाताईंनी ते रॉकेलने पुसलं.

पिंपरखडीत रविराजने स्वतः मोटार लावून विहीर उपसली. नवं पाणी यायला तीन दिवस लागले. एक बाई अजूनही दर सोमवारी येते आणि दिवा लावते. साळूबाई तिला तो कडेच्या दगडावर लावू देते, पाण्यात सोडू देत नाही.

गेल्या माघात रविराजचा फोन आला. पाणंदीच्या रस्त्यासाठी पुन्हा अर्ज करायचा होता आणि सोबत नकाशा लागत होता. सुहासराव चार दिवस पिंपरखडीला जाऊन राहिले, साळूबाईच्या ओसरीवर. पाणंद पुरी मोजली. वाटेत कुणाचं अतिक्रमण किती, ते ज्याला त्याला तोंडावर सांगितलं. एकाने कुऱ्हाड घेऊन बांधावर येरझाऱ्या घातल्या. तरी फीत त्यांनी गुंडाळली नाही.

दीपावर्तचे उरलेले नकाशे सुमेधाताईंच्या साड्यांखाली आहेत. नवा त्यांनी काढलेला नाही. रस्त्याचा अर्ज अजून कचेरीत आहे. दर पंधरा दिवसांनी सुहासराव चौकशीला जातात. दारापाशी थोडा वेळ उभे राहतात, श्वास घेतात आणि आत शिरतात.